पावणेपाच एकरांसाठी किती एचपीचा ट्रॅक्टर घ्यावा?

मळ्यातली (वाळवा, जि. सांगली)

नमस्कार. वाळवा तालुक्यात आमची दोन तुकड्यांत मिळून ४ एकर ३० गुंठे काळी बागायती जमीन आहे. त्यातील अडीच एकरांत ऊस असतो, सध्या निम्मा लागणीचा आणि निम्मा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला. सव्वा एकरात हळद किंवा सोयाबीन–गहू असा फेर घेतो आणि उरलेल्या एका एकरात पुढील वर्षी पेरू लावण्याचा विचार आहे. आजवर सर्व कामे भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालली. नांगरटीचे त्यात कधी फारसे अडले नाही. परंतु उसाची बाळभरणी (कोवळ्या उसाला मातीची पहिली भर) किंवा हळदीची भर लावायची असते, तेव्हा रानाला वाफसा (मशागतीजोगी ओल) येऊन जातो आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कोणाच्या तरी शिवारात असतो.

सासऱ्यांचे म्हणणे असे की, एकदाच घ्यायचा तर ४५ एचपीचाच घ्यावा, कारण लहान ट्रॅक्टर काळ्या रानात दम टाकतो आणि विकताना त्याला गिऱ्हाईकही मिळत नाही. मला १५ ते २४ एचपीच्या दरम्यानचा पुरेसा वाटतो, पण हे मला मुद्देसूद पटवून देता येत नाही. मोठ्या तुकड्याकडे जाणारी पाणंद जेमतेम सात फुटांची आहे आणि तिच्या शेवटी पाटावरची जुनी मोरी (छोटा पूल) लागते. यजमान नोकरीला असल्यामुळे ट्रॅक्टर बहुतेक वेळा मीच चालवणार आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

निफाडकर (जि. नाशिक)

ताई, एकराला अमुक एचपी असे सूत्र घेऊन या प्रश्नाकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकरांवरून ट्रॅक्टरला वर्षभरात किती तास काम मिळेल एवढेच कळते. त्याचा आकार ठरतो तो पिकाच्या दोन ओळींमधील अंतरावरून, शेतात जाण्याच्या वाटेवरून आणि वर्षात वारंवार करावी लागणारी कामे कोणती आहेत यावरून. आमच्याकडे द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ ते दहा फुटांचे अंतर असते. त्यावर मांडव, तारा आणि दोन्ही बाजूंनी ओळीत झुकलेल्या काड्या. छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या एकामागून एक सुरू होतात आणि पाऊस पडून गेल्यावर तर थांबण्याची सोयच नसते. त्यामुळे चाळीस एचपीचा ट्रॅक्टर परवडणारे बागायतदारही बागेसाठी २४ ते २८ एचपीचा, अरुंद आणि चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर वेगळा ठेवतात. दहा एकरांच्या बागेलाही तोच आणि दोन एकरांच्या बागेलाही तोच.

आता आपल्या पाच एकरांचा हिशेब पाहा. पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) ताशी तीन किलोमीटर वेगाने चालला आणि वळणे व थांबे यांत तीस टक्के वेळ गेला असे धरले, तर तासाला साधारण ३१ गुंठे होतात. चार फुटी रोटाव्हेटर अडीच किलोमीटरच्या वेगाने चालवला, तर तासाला २१ गुंठ्यांच्या आसपास. म्हणजे संपूर्ण पावणेपाच एकर एकदा रोटरायचे झाले, तर मोठ्या ट्रॅक्टरला सहा तास आणि लहान ट्रॅक्टरला नऊ तास लागतील, आणि प्रत्यक्षात सगळे रान एका दिवशी मोकळे कधीच नसते. या तीन तासांसाठी दुप्पट वजनाचे यंत्र दारात बांधायचे का, एवढा प्रश्न सासऱ्यांपुढे ठेवून पाहावा.

पान्हा_बत्तीस (बारामती)

मी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या धंद्यात आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो. जाहिरातीत छापलेली एचपी ही इंजिनाची असते. रोटाव्हेटर, ब्लोअर (फवारणी यंत्र), कुट्टी यंत्र यांना मिळते ती मागच्या पीटीओ शाफ्टवरची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यावरची शक्ती, आणि ती इंजिनाच्या साधारण ८० ते ८८ टक्के भरते. पंधराच्या ट्रॅक्टरला पीटीओवर बारा-तेरा आणि चोवीसच्या ट्रॅक्टरला वीसच्या आसपास मिळतील असे धरून चालावे. रोटाव्हेटर जितका रुंद, तितकी ही शक्ती जास्त लागते. काळ्या चिकट रानात ती आणखी जास्त धरावी. त्यामुळे पंधराच्या ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर लावला, तर तो मुरमाड किंवा हलक्या रानात चालेल, पण आपल्या जमिनीत वाफसा थोडा सरकला की इंजिन दबेल. सासरे जे म्हणतात की लहान ट्रॅक्टर दम टाकतो, ते पंधराच्या एका सिलिंडरवाल्या ट्रॅक्टरबाबत खरेच आहे. स्वराज ७१७ सारखे ट्रॅक्टर आंतरमशागतीला आणि हलक्या ट्रॉलीला उत्तम आहेत. त्यांच्याकडून काळ्या रानात खोल रोटरणीची अपेक्षा ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चोवीसच्या वर्गात, म्हणजे महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा बी २४४१ यांसारख्या यंत्रांत, चारही चाकांना ओढ असल्यामुळे चित्र बदलते. काळ्या रानात इंजिन बंद पडण्याच्या आधी चाक फिरते आणि ट्रॅक्टर जागेवर राहतो. अशा वेळी जास्त एचपी नुसती डिझेल जाळते. पकड वजनातून किंवा पुढच्या चाकांच्या ओढीतून येते. मोठा ट्रॅक्टर ती पकड स्वतःच्या अठराशे-दोन हजार किलो वजनातून मिळवतो, आणि तेच वजन ओलसर रानात सरीच्या तळाशी माती दाबून बसवते. पंधराचा ट्रॅक्टर आठशे किलोंच्या आसपास असतो आणि चोवीसचाही साधारण त्याच्याच आसपास.

डिझेलचेही सांगतो. पूर्ण भारावर दर एचपीमागे तासाला पाव लिटरच्या आत-बाहेर डिझेल जाते. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर साठ टक्के भारावर चालला, तरी तासाला सहा लिटरच्या आसपास घेतो. एखादे जड काम झटपट उरकायचे असेल तर हे महाग नाही. पण त्याच ट्रॅक्टरवर दोनशे लिटरची फवारणीची टाकी घेऊन फिरणे म्हणजे विहिरीवरची मोटर चालवून तांब्याभर पाणी काढण्यासारखे आहे.

कपाशी_पट्टा (यवतमाळ)

वरील दोन्ही प्रतिसाद बागायती भागातून आलेले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. माझी आठ एकर कोरडवाहू शेती आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तेवढा पाऊस एकदा झाला की संपूर्ण गाव एकाच दिवशी पेरणीला निघते. त्या वेळी भाड्याचा ट्रॅक्टर मिळणे हे नशिबावर असते. बैलजोड्या आता मोजक्याच उरल्या आहेत. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर घ्यायचे, तर त्यासाठीच्या बीबीएफ पेरणी यंत्राला ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर लागतो. चोवीसचा ट्रॅक्टर ते यंत्र उचलेल की नाही येथपासून शंका आहे, कारण लहान ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची उचल सहाशे-साडेसातशे किलोंच्या पुढे सहसा जात नाही आणि पुढचा भाग हलका असल्यामुळे तोंड वर उचलले जाते ते वेगळेच.

शिवाय मोठा ट्रॅक्टर घरचे काम उरकून चार शेजाऱ्यांची पेरणी करून देतो आणि त्यातून हप्ता निघतो. लहान ट्रॅक्टरला आमच्याकडे भाड्याचे काम मिळत नाही. तेव्हा सासऱ्यांचे म्हणणे एकदम मोडीत काढू नये.

निफाडकर

कपाशीवाले दादा, आपले कोरडवाहूचे म्हणणे मला मान्य आहे. आठ एकर, रुंद शेते आणि चार दिवसांची पेरणी असेल, तर मीही पस्तीस ते चाळीसच सांगेन. परंतु भाड्याच्या कामातून हप्ता फेडणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला चालक लागतो, उधारी वसूल करण्याची चिकाटी लागते, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याला ज्या दिवशी ट्रॅक्टर हवा असतो त्याच दिवशी आपल्या रानालाही वाफसा असतो. तो व्यवसाय करायचाच असेल, तर त्याचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा. शेतीच्या गरजेच्या नावाखाली तो ट्रॅक्टर घेतला, तर दोन्ही हिशेब बिघडतात.

पाटपाणी (शिरोळ, जि. कोल्हापूर)

ताई, आपल्याकडील मुख्य पीक ऊस आहे, म्हणून उसाच्या कामांचा क्रम मांडतो. त्यातूनच बरेचसे उत्तर मिळेल.

लागण, मग खोडवा, आणि रान चांगले असेल तर निडवा, म्हणजे खोडव्यानंतर पुन्हा राखलेला ऊस. म्हणजे एकदा ऊस लावला की खोल नांगरट, ढेकळे फोडणे आणि सरी सोडणे ही जड कामे त्या तुकड्यात दोन-तीन वर्षांतून एकदाच येतात. आपल्या अडीच एकरांपैकी निम्म्या क्षेत्रातच एका वर्षी अशी नांगरट निघेल. ती पलटी नांगराने करायची, तर दोन फाळी नांगराला ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर हवा, आणि रोटाव्हेटर वारंवार चालवल्याने खाली बसलेला कठीण थर फोडण्यासाठी सबसॉयलर घालायचा, तर तेवढाच किंवा त्याहून मोठा. दोन्ही कामे उन्हाळ्यात, कोरड्या रानात होतात. दोन दिवस मागे-पुढे झाले तरी काही बिघडत नाही. अशा कामाला भाड्याचा ट्रॅक्टर बोलावणे हाच शहाणपणा आहे, आणि आपणच लिहिले आहे की नांगरटीचे कधी अडले नाही.

याउलट बाळभरणी, खोडव्याच्या बगला (वरंब्याच्या बाजू) फोडणे, खत मातीआड करणे, तण मोडणे आणि तीन-चार महिन्यांनी मोठी भरणी ही कामे दरवर्षी, प्रत्येक तुकड्यात आणि ठरलेल्या वेळी येतात. साडेचार फुटी सरी असेल, तर दोन ओळींत सुमारे १३७ सेंटिमीटर जागा मिळते. चोवीसचा अरुंद ट्रॅक्टर साडेतीन फुटांच्या आसपास रुंद असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना वीतभर नाही, तरी चार-पाच बोटे अंतर राखून तो जातो. पंचेचाळीसचा ट्रॅक्टर साडेपाच-सहा फूट रुंद असल्यामुळे एका सरीत बसतच नाही. म्हणजे ज्या कामासाठी आपले अडते, नेमके तेच काम मोठ्या ट्रॅक्टरने होणार नाही, आणि तो दारात असूनही भरणीला पॉवर टिलर किंवा लहान ट्रॅक्टर भाड्याने सांगावा लागेल. आमच्या गावात अशी दोन-तीन घरे मी दाखवू शकतो.

दोन अपवाद नोंदवतो. पाचट जाळू नये असे आपणास वाटत असेल, तर पाचट कुट्टी यंत्र लहान ट्रॅक्टरवर नीट चालत नाही. तेही चाळीस-पंचेचाळीसचेच काम आहे, वर्षातून एकदा भाड्याने करावे. आणि ऊस वाहतुकीची चिंता आपण करू नये. कारखान्याची तोडणी-वाहतूक यंत्रणा स्वतंत्र असते, आणि दोन ट्रॉल्या ओढणारा पन्नासचा ट्रॅक्टर हा त्या कंत्राटासाठी घेतला जातो. पाच एकर कसण्याशी त्याचा संबंध नाही. गावात मोठे ट्रॅक्टर पुष्कळ दिसतात त्याचे निम्मे कारण ती वाहतूकच आहे, आणि ते पाहूनच बऱ्याच घरांत ज्येष्ठांचे मत बनते.

जांभा (संगमेश्वर, जि. रत्नागिरी)

थोडे विषयाच्या कडेचे, पण उपयोगी पडेल. आमच्याकडे भाताची खाचरे पाच-दहा गुंठ्यांची, एकाखाली एक उतरत गेलेली असतात. तेथे ट्रॅक्टर कितीही लहान असला तरी बांध ओलांडून खालच्या खाचरात उतरवणे जिकिरीचे आणि धोक्याचे असते, म्हणून बारा-पंधरा एचपीचा पॉवर टिलरच बरा पडतो. आपली जमीन सपाट आहे, तेव्हा टिलर सुचवत नाही; दिवसभर त्याच्यामागे चालण्याने आणि मुठींच्या थरथरीने जो शीण येतो, तो चालवणाऱ्यालाच ठाऊक. मात्र त्या मोरीचे आपण एकदा नीट पाहावे. दोन हजार किलोंचा ट्रॅक्टर आणि मागे भरलेली ट्रॉली जुन्या मोरीवरून रोज नेण्यापूर्वी तिचे दगड आणि कडा तपासलेल्या बऱ्या. ट्रॅक्टर उलटण्याचे प्रसंग बहुधा शेतात नांगरताना येत नाहीत, तर पाट, विहीर आणि बांधाच्या कडेलाच येतात.

मळ्यातली

सर्वांचे मनापासून आभार. पाटपाणी दादांनी सांगितलेला कामांचा क्रम मी सासऱ्यांना वाचून दाखवला. भरणीला मोठा ट्रॅक्टर सरीत शिरणारच नाही, या मुद्द्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी स्वतःच जाऊन सरीचे अंतर टेपने मोजले. काही ठिकाणी ते चारच फूट भरले. पुढील लागणीपासून ते साडेचार किंवा पाच फूट ठेवू, असे त्यांनीच सांगितले.

आता दोन शंका उरतात. पहिली, विकताना लहान ट्रॅक्टरला किंमत येते का? दुसरी, अनुदानासाठी अर्ज करायचा, तर एचपीवरून काही फरक पडतो का? तीन-चार वर्षे वापरलेला जुना ट्रॅक्टर घेण्याचा पर्यायही घरात चर्चेत आहे.

सातबारा_उतारा (फलटण)

अनुदानाविषयी. राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करावा लागतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी किमतीच्या ५० टक्के किंवा सव्वा लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम कमाल मर्यादा म्हणून आहे. इतरांसाठी ४० टक्के किंवा एक लाख. एचपीच्या गटानुसार रक्कम कमी होऊ शकते, म्हणून अर्ज भरतानाचा तक्ता पाहूनच आकडा धरावा. सातबारा आपल्या नावे असेल, तर अर्ज आपल्याच नावाने करावा. महिला म्हणून आणि पाच एकरांच्या आत म्हणून दोन्ही बाजूंनी आपण वरच्या गटात बसता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वसंमती मिळण्याआधी ट्रॅक्टर खरेदी करू नये. आधीची पावती जोडली की अर्ज बाद होतो. विक्रेता ‘आधी घेऊन टाका, नंतर बघू’ असे म्हणतो. त्याकडे लक्ष देऊ नये. पुढे रोटाव्हेटर किंवा इतर अवजारांचे अनुदान घ्यायचे, तर ट्रॅक्टरचे आरसी पुस्तक लागते, म्हणून नोंदणी कोणाच्या नावे होते तेही आताच ठरवून ठेवावे.

ज्या वाचकांना लागू असेल त्यांच्यासाठी एक स्वतंत्र योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना समाजकल्याण विभागाकडून ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर उपसाधनांसह मिळतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि गटाला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो.

नव्याचा आणि जुन्याचा हिशेब करताना २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, हे लक्षात घ्यावे. त्यापूर्वी घेतलेला ट्रॅक्टर विकणारा मनुष्य अजूनही जुन्या बिलाच्या आधारे किंमत सांगतो. आपण आजच्या नव्या किमतीवरून खाली मोजत यावे. जुना घेतल्यास बँकेचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, ते फॉर्म ३५ आणि बँकेच्या ना-हरकत पत्रावरून पाहावे, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

पान्हा_बत्तीस

जुन्या ट्रॅक्टरबाबत यंत्राचे तेवढे सांगतो. तासांचे मीटर बदलता येते, म्हणून त्यावर विसंबू नये; क्लचचे पेडल, ब्रेकची पट्टी आणि मागच्या टायरची नक्षी ही तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. सकाळी इंजिन थंड असताना जावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता जावे. रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचलून इंजिन बंद करावे आणि अर्धा तास थांबावे. तो हळूहळू खाली बसला, तर आतली सील किंवा व्हॉल्व्ह गेलेले आहेत. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या ॲक्सलच्या टोकांना तेल पाझरते का, ते हात लावून पाहावे, कारण तेथील काम खर्चिक असते. चिखलणीसाठी भातपट्ट्यात वापरलेला ट्रॅक्टर असेल, तर हे दुप्पट बारकाईने करावे.

पुनर्विक्रीचे म्हणाल, तर द्राक्ष, डाळिंब आणि ऊस पट्ट्यात चोवीस ते अठ्ठावीसच्या, चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागणी चांगली आहे. पंधराच्या ट्रॅक्टरची किंमत मात्र लवकर उतरते. तालुक्याच्या ठिकाणी ज्या कंपनीचे सुटे भाग आणि कारागीर सहज मिळतात, तिचाच घ्यावा; दोन एचपी इकडे-तिकडे झाल्याने जेवढा फरक पडत नाही, तेवढा फरक भरणीच्या आठवड्यात एक फिल्टर न मिळाल्याने पडतो. आणि ताई, घेण्यापूर्वी आसनावर बसून क्लच पूर्ण दाबून पाहावा, तीन-चार वेळा. चालवणार आपण आहात. पाय पुरतो का आणि मागचा जोड बिंदू बसल्या जागेवरून दिसतो का, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

कपाशी_पट्टा

पुनर्विक्रीचा मुद्दा आमच्या भागात उलटा आहे, एवढे नोंदवून ठेवतो. येथे चोवीसचा ट्रॅक्टर विकायला सहा महिने लागतील आणि पस्तीसचा आठवड्यात जाईल. तेव्हा हा धागा वाचणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांनी वाळव्याचे उत्तर जसेच्या तसे उचलू नये. ताईंच्या जमिनीपुरते मात्र आता मलाही चोवीसचेच पटले आहे.

मळ्यातली

घरात चोवीस एचपीचा, चारही चाकांची ओढ असलेला ट्रॅक्टर आणि चार फुटी ऐवजी साडेतीन फुटी रोटाव्हेटर असे ठरत आले आहे. रोटाव्हेटर लहान घ्यावा, ही सूचना सासऱ्यांची आहे. अर्ज माझ्या नावे भरत आहोत. पेरूच्या लागवडीचे अंतर ट्रॅक्टर लक्षात घेऊन किती ठेवावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

निफाडकर

रोटाव्हेटरबाबत सासऱ्यांचे बरोबर आहे. काळ्या रानात तेवढाच ठेवावा. पेरू सघन पद्धतीने ३ बाय २ मीटरवर लावतात, म्हणजे दोन ओळींत दहा फूट. छाटणी वेळेवर होत राहिली, तर साडेतीन फुटी ट्रॅक्टरला ते पुरते. छाटणीची खात्री नसेल, तर ओळींतील अंतर बारा फूट करावे. ओळी तुकड्याच्या लांबीच्या बाजूने काढाव्यात म्हणजे वळणे कमी पडतात, आणि दोन्ही टोकांना बांधापासून पंधरा फूट जागा मोकळी सोडावी. रोपे कमी बसतात म्हणून ही जागा सोडायला बहुतेक जण तयार नसतात, आणि मग मागे ब्लोअर जोडलेला असताना प्रत्येक ओळीच्या शेवटी ट्रॅक्टर पुढे-मागे करत बसावे लागते. ठिबकची मुख्य नळी त्या वळणाच्या पट्ट्यात येणार असेल, तर ती किमान दोन फूट खोल गाडावी.